जुनी बॉक्स्टर घेताय? रिकॉल शून्य असले तरी गाडीखाली वाकून बघा

जुनी पोर्शे बॉक्स्टर (दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स गाडी) विकणारा हमखास एक कागद पुढे करतो: 'प्रलंबित रिकॉल – शून्य'. कागद खोटा नसतो. पण त्यावरून इंजिनाबद्दल काडीचंही कळत नाही, आणि या गाडीत पैसे बुडतात ते इंजिनात.

मी न्यू जर्सीत राहते. नोकरीत जरा स्थिरावलेली ओळखीतली मुलंमुली "काकू, एक गाडी बघितलीय, येता का जरा?" असा फोन करतात. माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात गेलं, त्यामुळे नाही म्हणवत नाही. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहून काढते. बोलणं मुख्यतः पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरबद्दल, म्हणजे ९८६ बद्दल; अमेरिकेत ही १९९७ ते २००४ या मॉडेल-वर्षांत विकली गेली. त्याच काळातल्या ९९६ पिढीच्या साध्या ९११ लाही यातलं बरंचसं लागू आहे, कारण दोघींची इंजिनं एकाच घराण्यातली, एम९६.

आधी कागदाचं बघू

रिकॉल म्हणजे गाडीत काहीही बिघडलं की कंपनीने दुरुस्त करून देणं नव्हे. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यानुसार, गाडीतल्या दोषामुळे सुरक्षिततेला धोका असेल किंवा गाडी सरकारी सुरक्षा-मानकांत बसत नसेल, तरच रिकॉल होतं. मग कंपनीला पत्र पाठवून तो दोष फुकट काढून द्यावा लागतो. फुकटाची ही सक्तीसुद्धा गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंतच. ९८६ तल्या सगळ्या गाड्या त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेल्या.

एनएचटीएसएच्या (म्हणजे अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या) संकेतस्थळावर सतरा अक्षरांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, टाका. तो पुढच्या काचेच्या खाली ड्रायव्हरच्या बाजूला दिसतो आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही असतो. दोन्ही जागचे आकडे जुळवून बघा. तिथे 'शून्य' दिसलं तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. व्हिनवरून दाखवतात ती फक्त गेल्या १५ वर्षांत जाहीर झालेली आणि या गाडीवर अजून न झालेली रिकॉल. त्याआधीची दाखवत नाहीत, झालेली दाखवत नाहीत, आणि सुरक्षिततेशी संबंध नसलेल्या कंपनीच्या मोहिमाही दाखवत नाहीत. २००१ च्या गाडीचं पान कोरं दिसणार नाही तर काय होणार?

म्हणून दोन कामं आणखी करा. त्याच संकेतस्थळावर व्हिन न टाकता वर्ष आणि मॉडेल टाकून शोधा. त्या मॉडेलची जुनी रिकॉल, लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि कंपनीने डीलरांना पाठवलेली सर्व्हिस बुलेटिनं दिसतील. बुलेटिन म्हणजे 'असा आवाज आला तर हा पार्ट असा बदला' अशी मेकॅनिकला दिलेली सूचना. वॉरंटी संपल्यावर तिचे पैसे तुम्हीच भरायचे. दुसरं, पोर्शेच्या कुठल्याही डीलरच्या सर्व्हिस काउंटरला फोन करून व्हिन सांगा आणि विचारा, 'या गाडीवर काही मोहीम बाकी आहे का, आणि आधी कुठली कामं झाली?' उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं 'ऑल गुड' विकणाऱ्याशी घासाघीस करताना उपयोगी पडत नाही.

आणि 'डीलरने विकायला ठेवलीय म्हणजे रिकॉलची कामं झालेलीच असणार' हे मनातून काढून टाका. ३५ हून जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपनीला रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने द्यायला २०१६ पासून बंदी आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला ती विकायला मात्र देशपातळीवरचा कायदा अडवत नाही.

परदेशात इतरत्र असाल तर पद्धत वेगळी. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. रिकॉल बाकी आहे का तेही तिथेच कळतं, आणि तपासनिसाने लिहिलेले शेरे वाचून निम्मी परीक्षा घरबसल्या होते. भारतात २०१२ पासून उत्पादकांची ऐच्छिक संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलचं कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. पुण्यामुंबईत कुणी वीस वर्षांची बॉक्स्टर दाखवली तर त्या नियमांचा आधार नाही.

इंजिन जळलं तर रिकॉल, बसलं तर नशीब

हा फरक कळायला एकाच कंपनीची दोन उदाहरणं पुरेत. २०१४ च्या सुरुवातीला नव्या ९११ जीटी३ पैकी दोन युरोपात पेटल्या, एक स्वित्झर्लंडमध्ये आणि एक इटलीत. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल झाला, रॉडने क्रँककेस फोडली, ऑइल बाहेर आलं आणि पेट घेतला. पोर्शेने जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं आणि सगळ्यांना नवीन इंजिनं घालून दिली. ठिणगी, धूर, फोटो. कुणालाही पटावं असं संकट.

एम९६ मध्ये मेलेली इंजिनं त्याहून कितीतरी जास्त. पण ती पेटत नाहीत, नुसती बसतात. त्यामुळे त्या दोषासाठी रिकॉल झालं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. कॅलिफोर्नियातल्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांना, दहा वर्षं किंवा १,३०,००० मैल यांतलं जे आधी होईल तोवर, दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई. ती मुदत संपून जमाना झाला. टर्नपाइकवर (इथल्या टोलच्या हायवेवर) डाव्या लेनमध्ये ताशी सत्तर मैलांच्या वेगात इंजिन बंद पडणं हा 'सुरक्षिततेचा प्रश्न' नाही, हे मला आजही पटलेलं नाही. पण खर्च आता आपलाच, हे धरूनच गाडी बघायची.

दोष नेमका काय ते सांगते, कारण तो कळला की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही. क्रँकशाफ्ट साखळीने एका मधल्या शाफ्टला फिरवतो आणि त्या शाफ्टवरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे ते सगळं या मधल्या शाफ्टच्या भरवशावर. त्याचं फ्लायव्हीलकडचं टोक बॉल बेअरिंगमध्ये बसतं. मंडळी त्याला 'आयएमएस बेअरिंग' म्हणतात. हे बेअरिंग सीलबंद, आत कारखान्यात भरलेलं ग्रीस आणि भोवती इंजिनाचं गरम ऑइल. वर्षं गेली की सील कडक होतं, ऑइल थोडंथोडं आत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. पण सील तिथेच असल्याने ताजं ऑइल खेळत नाही. आत शिरलेलं तिथेच शिळं होतं. गोळ्या घासतात, रेसवर (गोळ्या ज्या कड्यात फिरतात त्यावर) चरे पडतात, शाफ्ट डुलायला लागतो, साखळी दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. उद्यमनगरातला कुठलाही फिटर सांगेल की ऑइलात राहणाऱ्या बेअरिंगला सील कशाला? एक तर सील काढा, नाही तर ऑइल लांब ठेवा.

सगळ्या गाड्यांत बेअरिंग सारखं नाही. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगा होत्या. त्या फार क्वचित जातात, कोर्टातल्या आकड्यांनुसार एक टक्क्याहूनही कमी. २०००-०१ च्या आसपास एकेरी रांग आली आणि २००५ पर्यंत राहिली. दुखणं तिचंच, प्रमाण कित्येक पट, तरी दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे बहुतेक इंजिनं धडधाकट आहेत. इंटरनेटवरच्या रडारडीमुळे मात्र सगळ्याच गाड्यांचे भाव पडलेले राहिले, आणि डोळे उघडे ठेवून घेणाऱ्याचा त्यात फायदा आहे. २००६ ते २००८ चं बेअरिंग मोठं आहे. ते इंजिन न खोलता निघत नाही, पण सहसा जातही नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळ्या जातीचं, तिथे ही भीती नाही. त्यांच्या कूलंटच्या नळ्यांची चिकटवलेली तोंडं निसटतात, ते दुखणं निराळं.

व्हिनचं दहावं अक्षर मॉडेल-वर्ष सांगतं: V म्हणजे १९९७, W १९९८, X १९९९, Y २०००, आणि पुढे १ ते ४ आकडे म्हणजे २००१ ते २००४. बदलाच्या काळातल्या गाडीत कुठलं बेअरिंग आहे हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. त्यातून इंजिन मधे कधी बदललेलं असेल तर गाडीच्या वर्षावरून हिशेबच लागत नाही. म्हणून खालून इंजिन-नंबरचा फोटो काढून जाणकाराला दाखवा.

गाडीपाशी गेल्यावर

मी आदल्या दिवशीच विकणाऱ्याला सांगते, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या टोकाला हात लावते. कोमट लागला तर चहापाणी करून गप्पा मारायच्या, किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. एका डीलरकडे 'तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय' असं कौतुकाने ऐकवलं होतं. तसं कौतुक नको.

थंड इंजिनाला सेल्फ मारला की पहिल्या एक-दोन सेकंदांत साखळीची खडखड येऊ शकते. ऑइलचं प्रेशर आलं की ती जायला हवी. राहिली तर साखळी ताणून धरणारा टेन्शनर गेलाय किंवा साखळी ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या झिजल्यात. धुराचा एक छोटा लोट निघून थांबला तर घाबरू नका. हे आडवं इंजिन आहे, गाडी उभी राहिली की थोडं ऑइल सिलिंडरात उतरतंच. पण पांढऱ्या धुराचे ढग निघतच राहिले तर ऑइलची वाफ वेगळी करणारा एओएस गेला. त्याची आणखी एक खूण आहे. मागच्या डिकीत ऑइल भरायचं झाकण आहे. इंजिन चालू असताना ते हळूच उघडा. थोडीशी ओढ लागून इंजिन किंचित अडखळलं तर ठीक. झाकण हाताला सुटतच नाही इतकी ओढ असेल, आणि सुटताच इंजिन भांबावल्यासारखं करत असेल, तर आतला पडदा फाटलाय.

सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडणं हा दुसरा मोठा आजार. तो नंतरच्या मोठ्या इंजिनांत, विशेषतः ३.६ आणि पुढे, जास्त दिसतो. ९११ मध्ये दोन बाजूंचे सायलेन्सर वेगळे असल्याने एकाच बाजूला काजळी असेल तर संशय घेता येतो. बॉक्स्टरचा धूर मध्यभागी एकत्र निघतो, तिथे ही युक्ती चालत नाही. स्पार्क प्लग काढून भोकातून कॅमेरा घालावा लागतो. इंजिन गरम झाल्यावरही एका बाजूने टकटक येत असेल आणि ऑइल बरंच पीत असेल, तर कॅमेऱ्याशिवाय सही करू नका.

आता खाली वाका. शक्यतो गाडी लिफ्टवर घ्यायला लावा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ऑइलचा थेंब लोंबकळत असेल तर तो क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचा किंवा आयएमएसच्या झाकणाचा. नुसता ओलसरपणा या घराण्यात घरोघरी आहे, त्यावरून गाडी नाकारू नका. टपटप पडत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तो उतरवायचाच असेल तर क्लच, सील आणि बेअरिंग अशी तिन्ही कामं एकदमच करायची. तीन वेळा मजुरी कोण भरणार?

'बेअरिंग बदललंय' असं म्हणणाऱ्याकडे बिल मागा. बिलावर कुठल्या प्रकारचं बेअरिंग, किती मैलांवर, कुठल्या गॅरेजमध्ये हे असलं पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच बदली बेअरिंगांनाही ठराविक मैलांनंतर पुन्हा बदलायचा सल्ला असतो. 'एकदा बदललं, आता जन्मभर चिंता नाही' हे विक्रीचं बोलणं.

फिल्टर कापायचा

यावर मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. विकणाऱ्याला म्हणा, 'ऑइल-फिल्टर बदलण्याचे पैसे मी देते, पण बदलताना मी उभी राहणार आणि जुना फिल्टर मी घेणार.' ज्याला लपवायचं नसतं तो बहुधा तयार होतो. नकार दिला तर ते उत्तरच समजायचं.

या इंजिनाला मूळचा कागदी घडीचा फिल्टर प्लॅस्टिकच्या डबीत असतो. डबी काढली की तळात उरलेलं ऑइल लगेच ओतू नका. पांढऱ्या कॉफी-फिल्टरमधून गाळा. मग ब्लेडने फिल्टरची दोन्ही टोकं कापा, कागद मोकळा करा आणि पांढऱ्या पेपर-टॉवेलवर एकेक घडी उलगडत जा. हे काम उन्हात करा, ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. काळ्या ऑइलात चमक दिसली की लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. चिकटलं ते पोलाद, आणि पोलाद म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या किंवा रेसकडे बोट. चिकटलं नाही ते बहुधा ॲल्युमिनियम. एखाद-दुसरा बारीक कण चालेल, चमकीसारखा थर चालणार नाही. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे साखळीच्या पट्ट्यांचे. जुन्या गाड्यांत त्या झिजतातच, काम वाढलं पण इंजिन गेलं नाही. घड्या स्वच्छ निघाल्या तर 'आज तरी सगळं बरं आहे' एवढंच म्हणायचं.

पोलाद सापडलं तर 'नवीन बेअरिंग टाकू, मग झालं' असं कुणी म्हणेल, ऐकू नका. तो चुरा ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरून आलेला असतो. नवीन बेअरिंग त्यातच घासणार. अशा इंजिनाचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीवर जातो.

बाकीचं भराभर

मागच्या डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा. चिकट ओल असेल तर कूलंटची टाकी तडकलेली. तिच्या झाकणावर पार्ट नंबर असतो, शेवटचे दोन आकडे ०४ असतील तर सुधारलेलं झाकण, त्याहून कमी असतील तर जुनं. स्वस्त वस्तू आहे, बदलून टाका. वॉटर पंपाच्या पंख्याची पाती प्लॅस्टिकची. तुटली की कूलंटच्या वाटांत जाऊन अडकतात, म्हणून पंप कधी बदलला ते विचारा.

टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी जायची भोकं आहेत आणि ती पाल्याने तुंबतात. पाणी मग केबिनमध्ये उतरतं, आणि डाव्या सीटखाली कुणी बसवलाय तर इमोबिलायझरचा कंट्रोल बॉक्स! तो भिजला की किल्ली ओळखत नाही, गाडी सुरूच होत नाही. सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरा. वरून कोरडा असतो, खालचा फोम ओला.

पावसाळी हवेत गाडी मिसिंग मारत असेल तर इग्निशन कॉइल तडकलेल्या. त्या मागच्या चाकांच्या बाजूला असतात आणि पाणी खातात. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर अनेकदा दोष बेल्टच्या बकलचा निघतो, पण दुरुस्त होईपर्यंत एअरबॅग उघडेलच असं धरू नका. गतिरोधकावर खालून ठोका आला तर कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) झिजलाय. हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकतात तसल्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीची कॉइल स्प्रिंग तळाला मोडलेली नाही ना, टॉर्च मारून बघा. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे कुजलेला पाला असेल तर रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर गंजत आलेले. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी भरपूर आणि वय दहा वर्षं असला टायर मी फेकायला लावते.

२००० पासूनच्या गाड्यांत कॉम्प्युटर इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं याची नोंद ठेवतो. पोर्शेची माहिती असलेल्या मेकॅनिककडून ती वाचून घ्या, शिवाय कॅमशाफ्टचं डेव्हिएशनही (तो ठरल्या जागेपासून किती सरकलाय ते). वरच्या टप्प्यातली नोंद म्हणजे कुणीतरी पाचव्याऐवजी तिसरा गिअर टाकलाय. ती कितव्या तासाची आहे तेही दिसतं. ताजी असेल तर गाडी सोडा.

फार कमी चाललेली, वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी बघून मुलांचे डोळे चमकतात. मी उलट त्या गाडीकडे जास्त संशयाने बघते. उभ्या गाडीचं ऑइल शिळं होतं, ओल धरतं. नियमित चाललेली, दर पाच हजार मैलांना ऑइल बदलल्याची बिलं असलेली, ऐंशी-नव्वद हजार मैलांची गाडी मला बरी वाटते. कंपनीने त्या काळी सांगितलेली ऑइलची मुदत फार लांब होती. ती पाळणाऱ्याने नियम मोडला नाही, पण मी त्या गाडीचा भाव पाडीन.

सौदा ठरला की नोंदणीच्या कागदांबरोबर आणखी एक काम करा. पोर्शेला नवा मालक म्हणून नाव-पत्ता कळवा. रिकॉलची पत्रं नोंदीतल्या पत्त्यावर जातात, आणि तीन हात बदललेल्या गाडीचं पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या घरी जाऊन पडायला नको. जुन्या गाडीला रिकॉल येत नाही असंही नाही: पोर्शेच्याच २००४-०५ च्या करेरा जीटीला २०२३ मध्ये आलं, सस्पेन्शनचे सांधे गंजून तुटू शकतात म्हणून, आणि अमेरिकेतल्या ४८९ गाड्या उभ्या करायला सांगितल्या. दर वर्षी विमा भरायच्या दिवशी व्हिन पुन्हा एकदा टाकून बघा.